बायकोच्या हातची हलकी माशी

शाळा मी बाहेरनंच बघितली. ग्रां बुआ गावच्या मळ्यात ऊस तोडायलाबी मी कामाचा नव्हतो. पण किनाऱ्यावर नवी हॉटेलं झाली, तवा समुद्रातल्या खडकांआड अडलेल्या लगूनच्या उथळ पाण्यात गोऱ्या पाहुण्यांना मासे दाखवायचं काम मला जमलं.

गळाला पिसं बांधून केलेली खोटी माशी ते आमिष म्हणून पाण्यावर फेकायचे. "ह्या मीच बांधतो," असं मी छाती फुगवून सांगायचो. खरं तर बांधायची माझी बायको, आमच्याच कोंबड्याच्या पिसांनी. माझ्या जाड बोटांना बुटाची नाडीबी जमत नाय.

वजनाला ती बारीक दोन काचमणी घालायची. मी म्हणायचो, "शिसं घाल, लांब जाईल."

"अवो, पाणी गुडघाभर. शिसं पडलं की तुमीच पडल्यागत आवाज होतो. मासा थांबेल काय?"

तापात ती गेली. मागं तिच्या हातची एकच माशी राहिली.

पुढच्या पाहुण्याला मी माझ्या हातच्या ओबडधोबड माश्या दिल्या, शिसं घालून. दर टायमाला धप्प, आणि मासे पसार. तो वैतागला, "अरे, हलकी नाय काय एखादी?"

"नाय, मिस्ये," मी साहेबाला म्हटलं. बायकोची ती माशी माझ्या टोपीत आतनं टोचलेली होती. दिवसभर मी बोलणी खाल्ली.

घरी टोपी काढाय गेलो तर गळ केसांत अडकलेला. त्या दिवशी तिच्या माशीला लागलेला मासा मीच. सोडवायला तिची बारीक बोटं पायजे होती. मी टोपी घालूनच जेवायला बसलो.