आप्पांना बिबट्या कुठं दाखवायचा

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "यांना जे बघायचं असेल ते आताच बघून घेऊ द्या. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही, आणि उरलेली किती टिकेल ते मी सांगू शकत नाही." माझे वडील शेजारच्या खुर्चीतच बसले होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. त्यांनी शांतपणे मान हलवली, जसं काही दुसऱ्याच कुणाच्या डोळ्यांचं चाललंय. रिक्षात बसल्यावर मात्र म्हणाले, "माय, एकदा त्याला बघायचंय."

मला वाटलं, देव. या वयात माणसाला दुसरं काय बघावंसं वाटणार? सोमवार बघून मी त्यांना वेरूळला नेलं. रांगेत उभं केलं, पिंडीला हात लावायला लावला, येताना गरम भजी खाऊ घातली. आप्पांनी सगळं निमूट करून घेतलं. उस्मानपुऱ्यात आमच्या बिल्डिंगच्या पायऱ्या चढता चढता थांबले आणि म्हणाले, "मंग त्याला कधी?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला! आप्पांनी जन्मभर पिशोरकडच्या डोंगरात मेंढरं राखली. आमच्यात बिबट्याचं नाव घेत नाहीत, घेतलं की तो येतो म्हणतात. 'त्यो' म्हणायचं, बास. आप्पांना तो त्यो बघायचा होता, आणि मी बाई त्यांना अभिषेकाच्या रांगेत उभं करून आले होते.

त्या दोघांची ओळख जुनी. संध्याकाळी मेंढरं एका जागी बसवली की त्यांच्याभोवती दोऱ्याचं जाळं लावायचं, त्याला आम्ही वाघूर म्हणतो. मेंढरं वाघरीच्या आत आणि आप्पा तोंडाशी, घोंगडं पांघरून. कुत्री भुंकायला लागली की आप्पा उठून अंधारात जिवाच्या आकांतानं आरोळी ठोकायचे. कधी सकाळी ओल्या मातीत पंजे दिसायचे. कधी एखादं कोकरू गेलेलं असायचं. एकदा आमची लाडकी कुत्रीच नेली त्यानं, तेव्हा आप्पा दोन दिवस जेवले नाहीत. पण तो स्वतः त्यांना कधी धड दिसला नाही. आई गेल्यावर मेंढरं विकून ते आमच्याकडं राहायला आले, तरी आतल्या खोलीत पलंगावर झोपायचं नाव नाही. फ्लॅटच्या दाराला आडवं घोंगडं टाकायचे आणि जरा खुट्ट झालं की उठून बसायचे. लिफ्टचं दार वाजलं तरी!

तर त्याला बघायचं, हे ठरलं. कुठं बघायचं, इथं माझं गाडं रुतलं.

एक म्हणजे आपल्या शहरातली प्राण्यांची बाग. रिक्षानं जाऊन तासाभरात घरी येता येईल. आप्पांना नळीतून बघितल्यासारखं दिसतं, समोरचं तेवढं दिसतं आणि बाजूचं सगळं काळं. जनावर हललं की हरवतं. पिंजऱ्यातलं हलून हलून जाणार कुठं? पाहिजे तितका वेळ उभं राहून त्याचं तोंड निरखता आलं असतं. दुसरं म्हणजे सफारी. मिटमिट्याला मोठी सफारी होणार, होणार, असं आम्ही कधीपासून ऐकतोय, पण आप्पांचे डोळे काही तिची वाट बघत थांबणार नव्हते. म्हणजे विदर्भात जायचं. दिवसभराचा प्रवास, गाडीत बसलं की आप्पांना मळमळतं, आणि एवढं करून जनावर झाडीतून बाहेर आलंच नाही तर?

माझा नवरा हिशेबी डोक्याचा माणूस. तो म्हणाला, "यात विचार करण्यासारखं आहे काय? बागेत ने. शंभर टक्के दिसणार."

"पिंजऱ्यातला दाखवू? ज्याच्या भीतीनं आप्पांनी जन्म काढला, तो असा दाखवू?"

"बरं मग सफारीला जाऊ."

"आणि नाही दिसला तर? परत एवढी ओढाताण सोसणार आहे का त्यांना?"

"मग दोन्ही करू ना बाई!"

"अरे, पण पहिल्यांदा जो दिसेल तोच डोळ्यांत राहणार ना? पुढं तर अंधारच आहे."

नवऱ्यानं हात जोडले आणि टीव्ही लावला. मला त्याचा असा राग आला! पण खरं सांगायचं तर राग माझाच मला आला होता. तो बाग म्हणाला की मला सफारी बरी वाटायची, आणि सफारी म्हणाला की बाग. ऑफिसात बसून मी लोकांची कामं झटक्यात निकालात काढते, आणि इथं एक बिबट्या मला कुठं ठेवता येईना.

शेवटी एका रविवारी मी एकटीच बागेत गेले. म्हणलं, आधी आपण तरी बघून येऊ. पिंजरा स्वच्छ होता, पाणी होतं, सावली होती, नाव ठेवायला कुठं जागा नव्हती. बिबट्या भिंतीच्या कडेनं चालत यायचा, गजापाशी वळायचा आणि परत जायचा. वळायची जागा तीच. किती देखणा होता! माझ्यापासून चार हातांवर त्याचं तोंड, मिशीचा केस न् केस दिसत होता. मला वाटलं, हेच ते, आप्पांना हेच पाहिजे. आणि लगेच दुसरं मनात आलं. आप्पा यालाच भ्याले का आयुष्यभर? त्याला असं येरझारा घालताना बघून त्यांना बरं वाटेल, की वाईट? बरं वाटलं तर मला चालेल का? गेले होते तेव्हा निम्मा गोंधळ होता, परत आले ती पुरती गोंधळून.

मग मात्र मी आप्पांनाच विचारायचं ठरवलं. हे आधी का सुचलं नाही म्हणाल, तर म्हाताऱ्या माणसाला कशाला डोक्याला ताप, असं आपलं आपणच धरून चालतो. मी त्यांना दोन्ही जागा समजावून सांगितल्या. गज सांगितले, गाडी सांगितली, गाडीच्या खिडक्यांची जाळी सांगितली, दिसेल न दिसेल तेही सांगितलं. आप्पा चहा बशीत ओतून फुर्र फुर्र पीत होते. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "वाघूर कुणाला हाय?"

"बागेत त्याला," मी म्हणलं, "आणि सफारीत आपल्याला."

"व्हय? मंग तिथंच चला," ते म्हणाले आणि बशी खाली ठेवली.

गेलो. वाटेत आप्पांना दोनदा ओकारी झाली. नवऱ्यानं नुसतं माझ्याकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाळीच्या गाडीत बसलो. आप्पांना खिडकीशी बसवलं. गाडी फिरली, फिरली, आणि झाडी सोडून काही दिसेना. माझा जीव नुसता टांगणीला. गेलं, सगळं पाण्यात गेलं, असं मनात चाललेलं, तोच ड्रायव्हरनं गाडी थांबवून इंजिन बंद केलं.

रस्त्याच्या अगदी कडेला, दगडावर तो पसरला होता. ऊन खात, आमच्याकडं पाठ करून. गाडीतली सगळी माणसं चिडीचूप. मी आप्पांच्या कानाशी कुजबुजले, "आप्पा, मोठा दगड आहे बघा. त्याच्यावर. थोडं डावीकडं." त्यांची मान हळूहळू वळत होती. दगड सापडेना. मी त्यांची हनुवटी धरून अंगुळभर वळवली. तेवढ्यात बिबट्यानंही मान उचलली, आता वळून आमच्याकडं बघणार. आप्पांचं अंग ताठ झालं. मला कळलं, सापडला त्यांना!

आणि आप्पांनी आरोळी ठोकली.

"हाऽऽऽड्! हाऽऽऽड् रे हाऽऽऽड्!" डोंगरातली, अंधारातली तीच आरोळी. गाडी दणाणली. एक बाई किंचाळली. बिबट्या दगडावरून उडाला आणि पाठ दाखवून गवतातून सुसाट झाडीत गेला. ड्रायव्हर भडकला, "ओ बाबा, ओरडायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना!" मागचे लोक मोबाईल हातात धरून आमच्याकडं खाऊ का गिळू असं बघत होते. मी सगळ्यांची माफी मागत सुटले. लाजेनं माझे कान तापले होते आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. एवढा प्रवास, एवढी उलथापालथ, आणि तोंड वळायच्या आत हाकलून दिला!

बाहेर आल्यावर मला राहवलं नाही. "आप्पा, कशाला ओरडलात हो? बघायचा होता ना तुम्हाला?"

"बघितला की."

"काय बघितला? तोंड तरी दिसलं का?"

"तोंड नाय दिसलं." आप्पा हसत होते. इतकं मोकळं हसताना मी त्यांना आई गेल्यापासून बघितलं नव्हतं. "पळताना बघितला. माय, लई वर्षं अंधारात वरडलो मी. वरडायचं, अन् मंग बसायचं कान देऊन. त्यो गेला का तिथंच बसलाय, कधी म्हणून कळलं नाय. सकाळपस्तोर डोळ्याला डोळा लागायचा नाय." त्यांनी माझा हात धरला. "जातोय गं त्यो. आपण वरडलं की जातोय."

बागेत नेलं असतं तर तोंड दिसलं असतं, हे मला अजूनही वाटतं, आणि वाटलं की लगेच उलटंही वाटतं. आता त्यांना माझा चेहराही नीट दिसत नाही.

पण त्या प्रवासातून घरी आलो त्या संध्याकाळी आप्पांनी दारातलं घोंगडं उचललं, भिंतीला हात लावत लावत आतल्या खोलीत गेले आणि ते पलंगावर अंथरलं.