नवरी छाप

"मग ह्यो कान माझा न्हाय तर कुणाचा?" जयवंतानं बिडीच्या बंडलावरचं, बाईच्या चित्राचं लेबल नवऱ्याच्या नाकापुढं धरलं.

केदारी हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. त्यानं धोटा थांबवला नाही. "बाईचा हाय. बायकांस्नी कान असत्यात."

"असत्यात की. पर मेलेल्या बाईला माझाच कशाला?"

"मेलेली कुठली गं? निपाणीचा बिडीवाला सावकार तिला नवरी म्हनतोय," सासू अंबुबाई रहाटावर सुताच्या कांड्या भरता भरता म्हणाली. "सगळा बाजार वडतोय ती बिडी."

सावकार चुकला होता. शहापुरातल्या ह्या विणकरांच्यात मयताला आडवं नेत नाहीत. फुलांच्या विमानात बसवून नेतात, आणि तोंड उघडू नये म्हणून हनुवटीखालून डोक्यावर पट्टी बांधतात. केदारीनं तेच काढलं होतं. सावकाराला पट्टीच्या मुंडावळ्या दिसल्या, विमानाची पालखी. त्यानं ते चित्र लेबलावर छापून 'नवरी छाप' बिडी काढली.

नक्षीच्या उरलेल्या कागदावर केदारी पंधरा वर्षं असलंच काढत होता. मागावरचा सांगाडा, पंगतीला बसलेली मढी, त्यांना आग्रह करणारा यम. बेळगावच्या एका साप्ताहिकानं ती छापली, लोक हसले. मग एका नाटक कंपनीनं सांगाडा पडद्यावर रंगवून घेतला. जत्रेतल्या जादूच्या कंदीलवाल्यानं तोच काचेवर उतरवून भिंतीवर नाचवला. सांगाडा कुणाचा, असं कुणी विचारलं नाही. जयवंतानंही नाही. पण बारा वर्षांत तिची कूस उजवली नव्हती, आणि महिनाभर सासूच्या बोलण्यात खानापूरची कुणी पोरगी येत होती.

"खरं सांगा. माझ्या मरनाची वाट बगताय?"

धोटा थांबला. "माघात तुला ताप आलता. वैद्यानं हात टेकलं. लई भ्यालो. काढलं की भ्या जातं, म्हणून काढलं. झालं?"

अंबुबाईनं डोळ्याला पदर लावला. जयवंताचाही आवाज उतरला होता; तरी तिनं लेबल दाराच्या उजेडात नेलं. चित्रातल्या बाईच्या एकाच कानात बुगडी होती.

"ताप माघात. माझी बुगडी हरवली चैत्रात, जत्रंत. तवा मला कसला ताप?"

केदारीनं धोटा खाली ठेवला. "जत्रंनंतर येका दुपारी कांड्या भरताना तू भिंतीला टेकून झोपलीस. बसल्या बसल्या. तोंड उघडं पडलंतं."

"म्हणून पट्टी बांदलासा?"

"चित्रात गं."

"आनि खानापूर?"

केदारीनं आईकडं बघितलं. आईचा रहाट एकदम जोरात फिरायला लागला.

जयवंतानं सुताला लावायच्या खळीत बोट बुडवलं, लेबलाला मागून फासलं आणि ते मागाच्या खांबावर, नवऱ्याच्या डोळ्यांसमोर चिकटवलं.

"आत्याबाई, तुमीबी ऐका. मी ह्या घरातनं कुटं जाणार न्हाय. आनि आजपासनं दुपारची झोपणार न्हाय."