व्याह्यांची सायकल आणि आल्प्सचा बर्फ

घटनांचे दिवस: नरक चतुर्दशीची पहाट, ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, नोव्हेंबरचा दुसरा रविवार आणि गेला मंगळवार. जबाबदार व्यक्ती: एक, माझे व्याही, म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. दोन, बेसिंगस्टोकला राहणारे माझे जावई, ज्यांनी वडिलांना निवृत्तीची भेट म्हणून घड्याळ न देता डोंगरात चालवायची सायकल दिली. तीन, ते डॉक्टर, ज्यांनी ‘वयाच्या मानाने गुडघे उत्तम’ हे विधान परिणामांचा विचार न करता केले. चार, माझी पत्नी, जी या इसमाला दर शनिवारी डिंकाचे लाडू पोहोचवते.

चिखलाकडून इतक्या नियमितपणे पराभूत होऊनही इतक्या प्रसन्न चेहऱ्याने घरी परतणारा दुसरा माणूस या देशात नसेल, हे मी शपथेवर सांगतो. व्याही मूळचे नागपूरचे, वय अडुसष्ट. आयुष्यभर त्यांनी रेल्वेच्या सिग्नलांचे आराखडे तपासले. आता कुठल्याही सिग्नलकडे दुर्लक्ष करणे हा ते निवृत्तीचा लाभ समजतात. पाने गळून गेल्यावर, दुपारी चारलाच अंधारून येऊ लागल्यावर आमच्या लंडनच्या हॅरोतील समंजस माणसे हीटिंगशेजारी बसतात. हे गृहस्थ चिल्टर्नच्या टेकड्यांवरल्या जंगलात जातात. उतारावर सायकल त्यांना खाली आणते, चढावर ते सायकलीला वर नेतात. या व्यवहारात सायकलीचा फायदा अधिक आहे, हे मी त्यांच्या निदर्शनास आणून दिले आहे. “काऊन एवढं मनावर घेता जी?” ते म्हणाले, “ही तर मांड्यांची तयारी. खरा पेपर जानेवारीत, बर्फावर!”

या पेपरला बसण्याची त्यांची पात्रता अशी: गेल्या वर्षी आल्प्समध्ये बर्फावर स्की करण्याचा एक आठवडा, तोही चार वर्षांच्या मुलांसाठी राखलेल्या उतारावर. तेथे एक चिमुरडी त्यांना ‘सॉरी’ म्हणत ओलांडून गेली, हे ते स्वतःच कौतुकाने सांगतात. ऑक्टोबर लागला की स्कीचे बूट पायाला सरावावेत म्हणून ते घालूनच पोहे परततात. स्वयंपाकघरात घोडा बांधल्यासारखा आवाज येतो. आमच्याकडे कचऱ्याची गाडी कोणत्या वारी येते हे त्यांना ठाऊक नाही. मात्र कुठल्या शिखरावर किती बर्फ साठला हे नातवाचे मार्क सांगावेत तसे फोन करून सांगतात.

आता नरक चतुर्दशी. विहीणबाई गेल्यापासून दिवाळीला ते आमच्याकडेच मुक्कामाला असतात. थंडीने तेल थिजते, म्हणून अभ्यंगाच्या तेलाची बाटली हॉलमधल्या रेडिएटरवर ठेवण्याची आमची रीत आहे. शेजारी त्यांनीही आपली एक बाटली गुपचूप ठेवली. पहाटे पत्नीने दिवा लावून, पाटावर बसवून माझ्या डोक्याला तेल चोळले. “अहो, यंदाचं तेल जरा चिकटच आहे,” ती म्हणाली. तेवढ्यात हे दारात उभे. “व्याहीबुवा, माझं चेनचं तेल कोणी पाहिलं का?” खास ओल्या हवामानासाठी बनवलेले ते तेल पाण्याने निघत नाही, हाच त्याचा गुण असल्याचे त्यांनी मला मी डोके धूत असताना बाथरूमच्या दाराबाहेरून समजावले. त्या आठवड्यात हॅरोत तीनदा पाऊस पडला. माझ्या डोक्यावर तो ठरला नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारचे प्रकरण कायद्याचे आहे. मोटारीच्या मागे सायकल टांगल्याने नंबरप्लेट झाकली जाते व तो गुन्हा ठरतो, असे मी त्यांना दोन पानी पत्राने, पोच मागून, कळवले होते. पोच मिळाली. पत्र लॅमिनेट करून त्यांनी सायकलीला मडगार्ड म्हणून बांधले होते. “तुमचा कागद दणकट हाय बाप्पा! एक थेंब पाठीवर नाही आला.” माझ्या पत्राचा कोणालाही इतका उपयोग झाल्याचे हे पहिलेच उदाहरण, असे मुलगी म्हणाली. तिचे नाव मी तूर्त यादीत घातलेले नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी ओल्या पानांवरून सायकल घसरली. पाऊण तास ते एका झाडाच्या बुंध्याशी बसून होते. कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईंनी त्यांना रस्त्यापर्यंत आणले. मनगट मुरगळले, बाकी सुखरूप. मला हे चार दिवसांनी कळले, कारण पोह्यांची कढई त्यांना उचलता येईना. “मुलाला सांगू नका,” एवढेच ते म्हणाले. त्या दिवशी बूट दाराशी होते, पायात नव्हते.

आणि गेल्या मंगळवारी स्कीची सहल नेणाऱ्या कंपनीची ईमेल आली. आणीबाणीत कोणाला फोन करायचा, त्या रकान्यात व्याह्यांनी माझे नाव दिले होते. मला न विचारता. संमती शुक्रवारपर्यंत हवी होती. ती आली नाही तर जागा रद्द. मी तसाच उठून, पावसात, दोन गल्ल्या ओलांडून त्यांच्या दारी गेलो.

“पोटचा मुलगा असताना माझं नाव का?”

“तो घाबरतो जी,” ते शांतपणे म्हणाले. “तुम्ही चिडता. चिडलेला माणूस फोन उचलतो.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“मग नाही जात.” त्यांनी पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवला आणि खिडकीकडे पाहिले. “तुम्ही ठरवा.”

अडुसष्टाव्या वर्षी एखाद्या माणसाचा जानेवारी माझ्या हाती द्यावा, याला कोणत्या कायद्याचा आधार आहे, मला ठाऊक नाही. गुरुवारी रात्री जेवणानंतर मी संमती दिली. तेव्हा व्याहीबुवा, आपल्या मराठी मंडळाच्या मासिकाच्या याच अंकातून, सर्वांसमक्ष, मला एका प्रश्नाचे लेखी उत्तर द्यावे. तुमच्या फॉर्मवर माझे नाव आहे. उद्या मला असा फॉर्म भरावा लागला, आणि तुम्ही कुठल्याशा उतारावर असलात, तर त्या रकान्यात मी कोणाचे नाव लिहायचे?