दोन तासांवरचा भाऊ

सुरतेतल्या आमच्या डिंडोलीच्या गल्लीत पुष्पाबाईला विमानाचं कुणी विचारत नव्हतं, तरी ती सांगायची. साड्यांना खडे चिकटवता चिकटवता मान वर करायची. "सरला, तुझी बहीण नंदुरबारला, गाडीनं तीन तास. मना भाऊ वाल्मिक हैदराबादले, किलोमीटर किती का असेनात, विमानानं दोन तासवर शे." मी चिडायचे. म्हणायचे, बाई गं, दोन तासांवर आहे तर बारा वर्षांत एकदा तरी आला का? ती खड्यांची डबी पुढे ओढायची.

दर भाऊबीजेला ती नवं लुगडं गल्लीभर दाखवायची, भावानं पाठवलं म्हणून. ते तिनं स्वतःच बाजारातून आणलेलं असायचं. हे फक्त मला ठाऊक, कारण सोबत मीच जायचे. तिच्या नवऱ्याला, उखादादांनाही तिनं कधी कळू दिलं नाही.

फेब्रुवारीत एका पहाटे पुष्पाबाई झोपेतच गेली. आमच्यात बाई गेली की शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, ते भावानं आणायचं. आईबाप कधीचे गेलेले, माहेर म्हणजे एकटा वाल्मिक. उखादादांनी फोन लावला. तो रडत म्हणाला, "थांबा दाजी. साडेबाराचं विमान आहे. अडीचला सुरत." सगळे थांबले. मीही मनात म्हटलं, जिवंतपणी नाही तर आता तरी येतोय.

एकला त्याचा फोन आला. लुगड्याचं दुकान उघडायलाच साडेदहा वाजले. तिथून विमानतळावर पोचला तेव्हा बारा. अर्धा तास हातात आहे म्हणून हा निवांत रांगेत उभा राहिला. स्टेशनवर गाडी हलायच्या आत चढलं की झालं, तेच त्याच्या डोक्यात. काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, नोंद तासभर आधीच बंद होते, आता घेता येणार नाही, पुढचं विमान उद्या सकाळी.

उखादादांनी फोन खाली ठेवला. "माहेरच्या लुगड्याविना कशी काढू हिला?" मला राहवेना. आत जाऊन तिची पेटी उघडली, गेल्या भाऊबीजेचं हिरवं लुगडं काढलं. घडीही मोडलेली नव्हती.

"हे वाल्मिकनंच पाठवलेलं ना?" दादांनी विचारलं.

"हो, त्यानंच," मी म्हटलं. खोटं बोलल्याचं मला काही वाटलं नाही. उन्हं उतरायच्या आत तिला नेलं.

दुसऱ्या दिवशी वाल्मिक दारात आला, काखेत लुगड्याची पिशवी. चांगलं फैलावर घ्यायचं म्हणून मी पुढे झाले, पण उखादादाच त्याच्या गळ्यात पडले. "वाईट वाटून घेऊ नको. तू भाऊबीजेला पाठवलेलंच नेसवलं तिला. दर वर्षी गल्लीभर दाखवायची बघ."

वाल्मिकनं माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं. जिभेवर आलेलं सगळं मी गिळलं. तो उंबऱ्यावर बसला, पिशवी मांडीवर घेऊन.

"बारा झाली असतील ना रे लुगडी?" दादांनी विचारलं.

पिशवीचं तोंड मुडपत तो म्हणाला, "हो दाजी. बारा."