बंदुकीतली कुंभारीण

निरगुडसरच्या धरमचंद शेटजींकडे बंदूक आली, हे कळल्यावर गाव आधी हसलं आणि मग काळजीत पडलं. काळजी बंदुकीची. शेटजी दिव्यावर जाळीचं झाकण ठेवणारे, का, तर पाखरू जळेल. पिठात किडा निघाला तर त्याला परसात सोडून यायचे आणि परत येताना त्याचा भाऊ पायाखाली येऊ नये म्हणून खाली बघत चालायचे. अशा माणसाच्या किराणा दुकानात, खोबऱ्याच्या पोत्याच्या वर, खुंटीला ठासणीची बंदूक लटकायला लागली.

दोष मेव्हण्याचा. शेटजींच्या बायकोचा, भंवरीबाईंचा भाऊ रमणलाल याचं बोरी बुद्रुकला दुकान. तिथं भरदिवसा चोर शिरले आणि जाताना त्याचा हात मोडून गेले. तो हात गळ्यात बांधूनच रमणलाल आला.

"दाजी, तुमच्या अहिंसेला माझा नमस्कार. पण माझी बहीण या घरात राहते."

मग परवाना, जुनी बंदूक आणि शिकवायला मंचरचे दस्तगीर वस्ताद, या तिन्ही गोष्टी रमणलालनेच एका हाताने जमवल्या.

वस्ताद पलटणीत राहून आलेले. मंचरच्या तालमीत पोरांना लाठी शिकवत. दर मंगळवारी सायकलवरून निरगुडसरला येत आणि संध्याकाळी डोकं धरून परत जात. त्यांनी परसात भुशाचं पोतं टांगलं.

"मारा शेटजी!"

"आत टोकेकिडे असतील हो, वस्ताद."

"असू द्या."

शेटजींनी लाठी उचलून पोत्याला हलकेच लावली. वस्ताद म्हणाले, "शेटजी, मारताय का पोत्याची दृष्ट काढताय?"

"डोक्यात बसली तर माणूस मरेल की."

"मग डोक्यात मारूच नका. मनगट बघा, मनगट! हत्यार पडलं की माणूस निम्मा झाला."

बंदुकीची तर वेगळीच तऱ्हा. नदीकाठी दगडावर मडकं ठेवलेलं. शेटजी घोडा चढवत, नेम धरत, डोळे मिटून नवकार मंत्र म्हणत आणि डोळे उघडून म्हणत, "आज नको." चढलेला घोडा मग उतरवावा लागे. वस्तादांनी तेही शिकवलं. "अंगठ्यानं घोडा दाबून धरा. आता चाप ओढा. आता घोडा सोडा, हळू, झोपलेलं लेकरू पाळण्यात ठेवतात तसं." हे शेटजींना इतकं साधलं, की बंदूक न उडवण्यात त्यांचा हात धरणारा सगळ्या आंबेगाव तालुक्यात कोणी नव्हता.

शेवटी होळीनंतर वस्तादांनीच दारू-छर्रे ठासून बंदूक खुंटीला लावली. फक्त ठिणगीची तांब्याची टोपी बसवायची ठेवली. तिच्याशिवाय बार उडत नाही, म्हणून ती वेळेवर बसवायची.

वैशाखात शेटजींना दिसलं, की एक कुंभारीण माशी माठाखालच्या ओल्या मातीची गोळी उचलते आणि थेट बंदुकीच्या नळीत शिरते. त्यांनी स्टुलावर चढून पाहिलं. नळीच्या तोंडाशी मातीचं घर. त्यात तिची पिल्लं. वस्तादांचे शब्द शेटजींना पाठ होते, "नळी तुंबली असली तर बंदूक समोरच्याला नाही, धरणाऱ्याला खाते." वस्तादांना सांगायला हवं होतं. पण सांगितलं तर ते गज घालून घर क्षणात उकरणार. पिल्लं उडून जातील तोवर थांबू, मग सांगू, असं शेटजींनी ठरवलं आणि बायकोलाही सांगितलं नाही.

बायकोनेही एक गोष्ट त्यांना सांगितली नव्हती. वेळ आली तर यांच्या हातून टोपी बसायची नाही, हे ओळखून भंवरीबाईंनी ती आधीच बसवून ठेवली होती.

अवसरी खुर्दच्या यात्रेचा दिवस. कुस्त्या बघायला गाव ओस पडलं होतं. दस्तगीर वस्ताद तिथं पंच. दुपारच्या उन्हात रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. दुकानामागच्या पडवीत भंवरीबाई पापड लाटत होत्या.

एक माणूस आला. अनोळखी, दाढी वाढलेली. "शेट, गूळ द्या."

शेटजी गुळाच्या ढेपेकडे वळले आणि मागे दाराला अडसर पडल्याचा आवाज झाला. वळून पाहतात तो त्याच्या हातात कोयता.

"वरडायचं न्हाई. बाईला भाईर बोलीव."

बोलवायची गरज पडली नाही. अडसराचा आवाज ऐकून भंवरीबाई हातात लाटणं घेऊनच आल्या आणि कोयता बघून जागीच थांबल्या. त्याच वेळी त्या माणसाला बंदूक दिसली. त्याने कोयता फळीवर ठेवला, बंदूक खुंटीवरून ओढली, घोडा चढवला आणि नळी भंवरीबाईंच्या छातीवर रोखली.

"चाव्या."

शेटजींना घोड्याखाली तांब्याचा ठिपका चमकताना दिसला. टोपी! ती तर त्यांनी बसवलीच नव्हती.

"दे गं, चाव्या दे," ते म्हणाले. भंवरीबाईंनी कमरेचा जुडगा सोडून फेकला. तो त्याच्या पायाशी पडला. पण उचलायला वाकायचं तर बंदूक खाली घ्यावी लागणार. त्याचं बोट चापावर होतं, आणि तो एकदा जुडग्याकडे, एकदा बंदुकीकडे बघत होता. नवखा होता बिचारा.

"बाबा रे," शेटजी म्हणाले, "सगळं ने. पण चाप ओढू नको. नळीत कुंभारणीचं घर आहे. बंदूक तुझ्या तोंडावर फुटेल. डोळे जातील तुझे. आणि ही पण समोर उभी आहे."

"मला येडा समजतो व्हय?"

"अहो, काय बोलताय!" भंवरीबाई पुटपुटल्या. नवऱ्याला भीतीने भ्रम झाला, असं त्यांना वाटलं.

"महावीराची शपथ. पिल्लं आहेत आत."

"बघू तर फुटती का!" त्याने बंदूक खांद्याला लावली. शेटजींचा नवकार पहिल्याच ओळीत अडकला.

तेवढ्यात माठाकडून गुणगुण आली. चिमूटभर ओली माती घेऊन कुंभारीण त्या तिघांच्या मधून गेली, नळीच्या टोकावर बसली आणि आत शिरली. आतून मातीत काम करतानाची तिची बारीक किणकिण ऐकू यायला लागली. एवढ्या शांततेत ती किणकिण केवढी मोठी वाटत होती!

त्या माणसाने गाल बंदुकीपासून दूर घेतला. "आता... आता काय करू?" चढलेला घोडा उतरवायचा कसा, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"हलू नको," शेटजी म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. "नळी जमिनीकडे कर. तू बाजूला हो गं. आता अंगठा घोड्यावर. घट्ट दाब. दाबलास? आता चाप ओढ. आता घोडा सोड... हळू रे, हळू. झोपलेलं लेकरू पाळण्यात ठेवतोस तसं."

घोडा खाली बसला. त्याने बंदूक सापासारखी अंगापासून लांब धरली आणि पोत्यावर ठेवली. तिघांनीही श्वास सोडला. मग त्याला आपण कशाला आलो होतो ते आठवलं, आणि त्याचा हात फळीवरच्या कोयत्याकडे गेला.

कोपऱ्यातली लाठी हातात कधी आली, हे शेटजींना शेवटपर्यंत सांगता आलं नाही. त्यांना फक्त मनगट दिसलं. फाट्! कोयता फरशीवर खणखणला. तो माणूस मनगट धरून मटकन खाली बसला.

"लागलं का रे?" शेटजींनी कळवळून विचारलं.

"लागावं म्हणूनच मारतात!" भंवरीबाईंनी कोयत्यावर पाय ठेवला, अडसर काढला आणि अशी हाक मारली, की नदीपलीकडच्या मळ्यातले चिमाजी आणि सावळाराम धावत आले. पाटील यात्रेहून येईपर्यंत चोर त्यांच्या पहाऱ्यात चावडीवर बसला, मनगटावर भंवरीबाईंनी लावलेली हळद घेऊन.

संध्याकाळी दस्तगीर वस्ताद सायकल फेकूनच आत आले. सगळं ऐकलं, आधी घोड्याखालची तांब्याची टोपी काढून खिशात घातली, मग नळीत डोकावले आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "या अल्ला! शेटजी, गज कुठाय? आत्ता साफ करतो."

ते वळले तर वाटेत शेटजी उभे. डावा पाय पुढे, गुडघा किंचित वाकलेला, लाठी तिरपी, नजर वस्तादांच्या मनगटावर.

असा पवित्रा शेटजींनी एकाही मंगळवारी घेतला नव्हता.

"पाय जरा बाहेर घ्या," वस्ताद म्हणाले. "हां. आता बराबर हाय." आणि त्यांनी बंदूक अलगद, नळी न हलवता, परत खुंटीला लावली.