सासरवाडी गाळणारा प्रोग्रॅम

तुम्ही हसणार, हे मला आधीच माहीत आहे. हसा! पण चहाचा कप खाली ठेवून हसा, कारण हा किस्सा ऐकताना एकाने माझ्या शर्टावर सांडलाय.

तर धसईच्या बाजारात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान. मागे आमचं घर. शहापूरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकलो, त्यामुळे पंचक्रोशीत आपल्याला मान! एकदा ग्रामसेवक भाऊसाहेब पेनड्राइव्ह घेऊन आले. त्यात नळजोडणीसाठी गावांतल्या आणि पाड्यांवरच्या सगळ्या घरांची यादी होती. टाइप केलेली कुठल्याशा जुन्या मराठी फॉन्टमध्ये. वेबसाइटवर चढवली की मराठीच्या जागी नुसते कंस, टक्के आणि उद्गारचिन्हं!

"युनिकोड करून द्या," भाऊसाहेब म्हणाले. "बुधवारी सहाला वेबसाइट बंद. ज्याचं नाव नाय, त्याला नळ नाय."

एवढंच? त्यासाठी मी स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम होता की माझ्याकडे. काळ्या पडद्यावर एक कमांड मारायची, इकडून जुना फॉन्ट आत, तिकडून युनिकोड बाहेर. फक्त एक खोड होती. त्याच्यापेक्षा गोगलगाय परवडली! एक अक्षर वाचायचं, बदलायचं, पेनड्राइव्हवर लिहायचं, मग दुसरं अक्षर. यादी अर्धी होते न होते तोच लाइट जायची. पुन्हा पहिल्यापासून! असं तीनदा झालं.

कंटाळून मागच्या अंगणात गेलो. माझी बायको प्रतीक्षा वाळलेलं भात आत नेत होती. टोपली भरायची, कणगीत ओतायची. मनात आलं, ही एकेक दाणा उचलून नेत असती तर? आणि काय सांगू, डोक्यात लख्ख उजेड पडला!

मी प्रोग्रॅमला टोपली दिली. अक्षरं टोपलीत साठवायची, भरली की एकदम फाइलीत ओतायची. वाचायचंही तसंच, घमेल्यानं. बरं, टोपली केवढी? आपण काय कंजूष आहोत? चांगली ही एवढी मोठी!

कमांड मारली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच काम खतम! यादीचा वरचा भाग पाहिला, मधला पाहिला. बिनचूक. खालपर्यंत कोण जातं हो? भाऊसाहेबांनी प्रिंट काढून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावली आणि मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत बसलो, "पाऊण तासाचं काम आता चुटकीत!"

बुधवारी दुपारी सासऱ्यांचा फोन आला.

"जावय, आमचं काय चुकलं?" आवाज इतका मऊ की मी घाबरलोच.

"काय झालं मामा?"

"यादीत आमच्या पाड्याचं एकबी नाव नाय. बाकी सगली गावं हायत. आमीच नाय."

माझी सासरवाडी म्हणजे डोंगराच्या कुशीतला शेवटचा पाडा. यादीतही शेवटचाच. म्हटलं, थांबा, परत काढतो. काढली. पाडा गायब. पुन्हा काढली. बाकी गावं जशीच्या तशी, नेमकी सासरवाडी गायब! आणि मी अकलेचा कांदा फोनवर म्हणालो, "मामा, दोनदा काढली. तरी तुमचाच पाडा येत नाही."

तोच मागून सासूबाईंचा आवाज आला, "मी सांगत नवते? आपल्या किसनच्या हळदीला त्यांच्या ताटात नुसता रस्सा गेला. त्ये त्यांनी मनात ठेवलं!"

आता खोटं कशाला बोलू? मेव्हण्याच्या हळदीत मोठ्या जावयाच्या ताटात मटणाचे पीसच पीस आणि माझ्या ताटात रश्श्याचा समुद्र, असं झालं होतं खरं. घरी येऊन मी प्रतीक्षापाशी थोडा कुरकुरलोही होतो. पण म्हणून मी अख्ख्या पाड्याचं पाणी तोडेन?

"मामी, तसं नाही हो! प्रोग्रॅम फास्ट केलाय ना, त्यामुळं काहीतरी..."

"म्हंजे बाकीच्यांना फास्ट, आन आमाला नाय!"

अर्ध्या तासात मेव्हणा किसन बाइकवरून हजर. हँडलला पाय बांधलेला गावठी कोंबडा, मागे पाड्यावरचे दोन म्हातारे. एकाने माझ्या डोक्यावर टोपी चढवली, दुसऱ्याने मांडीवर नारळ ठेवला. मी "अहो, अहो" म्हणतोय, पण ऐकतो कोण?

"भावजी," किसन म्हणाला, "या टायमाला पीस मोजून घालू तुमच्या ताटात. पन आईला पानी द्या. ती अजून टेकडी उतरून विहिरीवर जाते."

माझं हसू पळालं. मामींचे सुजलेले गुडघे मी पाहिलेत. दोन हंडे घेऊन ती टेकडी चढताना तीनदा बसतात त्या. आणि मी चुटकी वाजवून दाखवत होतो!

पाहुण्यांना बाहेर ओट्यावर बसवलं. डोक्यावर टोपी, मांडीवर नारळ, टेबलाखाली कोंबडा, अशा थाटात मी कोड वाचायला बसलो. एक ओळ चुकलेली सापडेना. घड्याळात पाच वाजून गेले.

प्रतीक्षा चहा घेऊन आली. "खरं सांगा, रुसलात तुमी?"

"अगं नाही गं! हे बघ, तुझं भात भरणं बघूनच केलंय. टोपली भरली की ओत, भरली की ओत."

"आन शेवटची भरली नाय तर?"

"काय?"

"शेवटची टोपली कधी पुरी भरते का? अर्धीच ऱ्हाते. ती कोण ओतते?"

मी कोड पुन्हा वाचला. टोपली भरल्याशिवाय ओतायची नाही, असं मीच बजावलेलं. शेवटची भरलीच नाही, म्हणून प्रोग्रॅम बिचारा ती तशीच टाकून मोकळा झाला. आणि मी टोपली इतकी मोठी दिली होती की अख्खा पाडा तिच्यात मावला!

एक ओळ लिहिली: संपताना उरलंसुरलं ओत. कमांड मारली आणि या वेळी तळापर्यंत गेलो. पाड्यावरचं घर न् घर जागेवर! भाऊसाहेबांना बोलावून घेतलं. सहाला दहा मिनिटं असताना यादी चढली, 'स्वीकारली' अशी हिरवी अक्षरं आली. हुश्श! इतकं सुटल्यासारखं मला बारावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं. किसनने मला उचललंच, आणि म्हाताऱ्यांना घेऊन तो पाड्याकडे सुटला.

मी मामांना फोन लावला. म्हटलं, खरं काय ते सांगून टाकावं. रुसवा वगैरे काही नव्हता, गाढवपणा माझाच. तोच प्रतीक्षाने फोन ओढून घेतला.

"बाबा, आली सगल्यांची नावं! ...हा, रुसलेच होते. आता गेला राग."

मी डोळे वटारले. तिने फोनवर हात दाबून धरला.

"गप ऱ्हावा! रुसका जावय काय, घराघरात असतो. पन बाबांनी मला दिली ती पोरगा कॉम्प्युटरमधी हुशार हाय म्हनून. म्हाताऱ्याचा तेवढा तरी समज ऱ्हाऊ दे!"

मी मुकाट्याने रुसलेलं तोंड करून बसलो. फारसं नाटक करावं लागलं नाही.