खालच्या मजल्यावरची फारसी

‘जर्दाळू’ हा शब्द मी दिल्लीत कितीतरी वर्षं तोंडातून काढला नव्हता. इथे खुमानी म्हणतात. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होते, तेव्हा एकदा दुकानदाराकडे जर्दाळू मागितले तर त्याने बटाट्यांच्या टोपलीकडे बोट दाखवलं. आलू एवढंच त्याला ऐकू आलं होतं. तेव्हापासून मीही खुमानीच म्हणत आले. माझी मुलगी इथेच वाढली, तिला तर जर्दाळू म्हणजे काय हेच ठाऊक नाही. ती आता बंगळूरला असते. रविवारी फोन करते आणि विचारते, “आई, तू ठीक आहेस ना? खाना टाइमवर खातेस ना?” मी बिल्कुल ठीक आहे म्हणते.

नवरा गेला, पाठोपाठ मी रिटायर झाले आणि लाजपत नगरात तिसऱ्या मजल्यावर एक लहानसा फ्लॅट घेतला. मराठी कानावर पडावी म्हणून महिन्यातून एकदा मेट्रो पकडून कस्तुरबा गांधी मार्गावर आपल्या राज्याच्या अतिथिगृहात जेवायला जायची. शेजारच्या टेबलावर मुंबईहून आलेले साहेबलोक बोलत, मी आमटी पुरवून पुरवून खात त्यांचं ऐकत बसे. त्यांच्यातलं कुणी माझ्याशी बोललंच तर हिंदीत बोले. इतक्या वर्षांत माझा चेहराच हिंदी झाला असावा.

लाजपत नगरच्या आमच्या गल्लीत अफगाण लोकांची बरीच वस्ती. एका सकाळी त्यांच्यातल्याच एकाच्या सुक्या मेव्याच्या दुकानात उभी होते. एकटं राहिलं की माणूस स्वतःशी बोलायला लागतं, मी पुटपुटले, “जर्दाळू बरे दिसतायत.” शेजारी उभी असलेली डोक्यावर रुमाल घेतलेली बाई गर्रकन वळली. “ज़रदालू! हाँ, ज़रदालू!” आणि मग तिने जी फारसी सुरू केली ती थांबेचना. मला त्यांची भाषा येते असाच तिचा समज झाला. मी हात हलवून नाही नाही म्हणाले, तेव्हा तिचा चेहरा एवढासा झाला. निघताना कळलं, ती आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते.

ती काबूलला शाळेत शिकवत होती. आमच्याकडे शिक्षिकेला बाई म्हणतात असं मी तिला सांगितलं आणि त्या दिवसापासून त्या बाई झाल्या. त्या मला ‘खाहर जान’ म्हणत, म्हणजे ताई. हिंदी त्या टीव्ही बघून शिकल्या होत्या. त्यांचा मुलगा जर्मनीत होता, त्याच्याकडे जाण्यासाठी त्यांनी अर्ज केलेला होता, आणि तो मंजूर होईपर्यंत त्या दिल्लीत थांबल्या होत्या. रोज पाचला वर येत, वेलदोड्याचा हिरवा चहा स्वतःच आणत, कारण माझ्या दुधाच्या चहाला त्या खीर म्हणायच्या.

मी महाराष्ट्राची, हे त्यांना कळल्यावर मीच आधी पानिपताचा विषय काढला. म्हटलं, आमचा विश्वास तिथेच गेला, तुमच्या लोकांनी घालवला. बाईंनी जरा विचार केला. “पानीपत? वहाँ का कंबल बहुत अच्छा.” दिल्लीत उतरल्यावर पहिल्या थंडीत त्यांनी तिथलं कंबल घेतलं होतं. ज्या गावाच्या नावाने आमच्या सात पिढ्या सुस्कारे टाकत आल्या, ते बाईंच्या लेखी पांघरुणाचं गाव! मला आधी राग आला, मग हसू आलं. हसताना चहा सांडला.

मग आम्हाला नादच लागला. दरवाजा, पडदा, जमीन, बाजार, हप्ता: मी मराठी शब्द टाकायचा, त्यांनी झेलायचा. त्यांच्याकडे बाजू म्हणजे दंड. “मेरा बाज़ू दुखता है” म्हणाल्या, तर मी विचारलं डावी की उजवी, आणि बरगडी चोळायला तेल काढलं. सगळ्यात गंमत झाली ती गप्प या शब्दाची. त्या काहीतरी भराभर सांगत होत्या, खाली भाजीवाला ओरडत होता, मला ऐकायचं होतं आज मेथी आहे का. मी म्हटलं, “बाई, जरा गप्प!” त्यांच्या भाषेत गप म्हणजे बोलणं. त्या खुश झाल्या आणि दुप्पट बोलायला लागल्या. मेथी गेली. पण आपण गप्पा मारतो तशा तेही गप मारतातच, शब्दाला शब्द तोच, हे त्या दिवशी कळलं. आपल्याकडे दरबारात, कचेरीत शतकानुशतकं फारसी मुरली, हे शाळेत शिकले होते. पण ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसेल असं वाटलं नव्हतं.

अतिथिगृहात जेवायला जाणं आपोआप बंद झालं.

आता खरं सांगते. बाईंचा अर्ज मंजूर होऊ नये असं मला वाटायचं. नुसतं वाटायचं नाही, मी सकाळी दिवा लावताना तसं मागायची. मुलाची आणि आईची ताटातूट कायम राहावी म्हणून देवाला हात जोडणारी बाई किती कोत्या मनाची, हे मला कळत होतं. तरी मागायची.

मे महिन्यात त्या एकदा पाचच्या आधीच आल्या. “वीज़ा लग गया, खाहर जान.” मी मुबारक हो म्हटलं आणि त्यांच्याकडे पाठ करून पाणी गरम करायला ठेवलं. आणि ओट्याकडे तोंड करूनच मराठीत बोलून गेले, “तुमचा अर्ज नामंजूर व्हावा म्हणून मी रोज देवाला हात जोडत होते हो.” इथे मराठी कुणाला कळतेय! मन मोकळं होईल आणि कुणाला दुखवणारही नाही, एवढाच विचार.

वळले तर बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

“अर्ज़,” त्या म्हणाल्या. “नामंज़ूर.”

वाक्यात महत्त्वाचे शब्द दोनच आणि दोन्ही त्यांचे. सगळी नोकरी मी अर्जांवर शेरे लिहिण्यात काढली, हिंदीतही हेच शब्द वापरले, आणि नेमकं तेव्हाच मला त्याचं भान राहिलं नाही. मी काहीबाही सारवासारव केली. त्या चहा न घेता खाली गेल्या.

पुढचे नऊ दिवस त्या वर आल्या नाहीत. मीही गेले नाही. चूक कळते पण पाय उचलत नाही, असा माझा जन्माचा स्वभाव. अवघ्या अठरा पायऱ्या होत्या. खालून सामान ओढल्याचे आवाज येत, मी पाच वाजता एकटीच दुधाचा चहा पीत बसे आणि तो मला खरंच खिरीसारखा लागे.

निघायच्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात बाई. दिल्लीच्या उन्हाळ्यात अंगावर जाड कोट, कारण बॅगेत तो मावला नव्हता. मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी माझा दंड धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट वर आभाळाकडे केलं.

“तुम्हारा अर्ज़ नामंज़ूर.”

आणि हसल्या. मीही हसले, डोळे पुसले. वाटलं, सुटले, त्यांनी माफ केलं.

“मेरा भी नामंज़ूर,” त्या म्हणाल्या. “मैंने काबुल माँगा था.”

खाली टॅक्सी हॉर्न देत होती. त्या कठडा धरून हळूहळू उतरल्या. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले, टॅक्सी गल्लीबाहेर जाईपर्यंत. इतके महिने रोज गप्पा मारल्या, पण तुम्हाला कुठे जायचंय, हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.